घरातील वाय-फाय व्याप्ती

घरातील वाय-फाय व्याप्ती म्हणजे राउटरपासून निघणाऱ्या बिनतारी संकेतांचा घराच्या जेवढ्या भागात समाधानकारक उपयोग करता येतो, तो भाग होय. व्याप्ती आणि इंटरनेट जोडणीचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरापर्यंत १०० मेगाबिटचा वेग येत असला, तरी तो मागच्या खोलीत पोहोचेलच असे नाही. अशा वेळी अधिक किमतीची योजना घेऊन काहीही साध्य होत नाही. करोना साथीच्या काळात शाळा ऑनलाइन भरू लागल्यावर हा भेद विशेष जाणवू लागला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरबांधणीच्या संदर्भात या विषयाचा विचार येथे केला आहे.

लहरी आणि भिंती

वाय-फायसाठी मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे वापरले जातात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील सुमारे ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये खुले झाले. पहिल्याची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर दुसऱ्याची ५ ते ६ सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, मात्र भिंतीतून जाताना या लहरी लवकर क्षीण होतात.

वाई, सातारा येथील जुन्या वाड्यांत दगडी आणि मातीच्या जाड भिंती आढळतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात जांभा दगडाची बांधकामे आहेत आणि तेथील पावसाळ्यात भिंती ओल धरतात. पाणी लहरी शोषून घेत असल्याने ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक अडथळा करते. नव्या घरांत हाच त्रास सळयांच्या स्लॅबमुळे होतो. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, स्वयंपाकघरातील स्टीलची मांडणी यांवरून लहरी परावर्तित होतात.

घराच्या रचनेचाही प्रश्न असतो. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परडे अशा एकामागे एक खोल्यांच्या घरात फायबर पुढच्या दारातून येते आणि राउटर तेथेच, बहुधा दूरदर्शन संचाच्या मागे बसवला जातो. परिणामी निम्मे संकेत रस्त्यावर जातात.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय जागा बदलण्याचा आहे. राउटर माजघरात, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. त्यासाठी फायबर आतपर्यंत आणण्यास जोडणीच्या वेळीच सांगणे सोयीचे असते. ही तार काटकोनात दुमडून चालत नाही. त्यानंतर मोबाइलवरील मापक उपयोजनाने प्रत्येक खोलीतील संकेत मोजावेत. उणे ६७ डीबीएमच्या आसपासचा संकेत दृक्श्राव्य तासिकेस पुरेसा मानला जातो. उणे ८० च्या खाली जोडणी वारंवार तुटते. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी.

एवढ्याने न भागल्यास रिपीटर घेतला जातो. तो जेथे संकेत येत नाही तेथे लावण्याची चूक सर्रास होते. वास्तविक तो संकेत चांगला असलेल्या मधल्या जागी हवा, कारण तो आलेलाच संकेत पुढे देतो. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. मेश प्रणालीत अनेक नोड एकाच नावाने काम करतात. तथापि जाड दगडी भिंत नोडनाही आडवी येते.

अशा घरात खात्रीचा मार्ग तारेचाच आहे. राउटरपासून इथरनेट केबल नेऊन मागच्या खोलीत किंवा माडीवर ॲक्सेस पॉइंट बसवला, तर भिंतीचा प्रश्नच उरत नाही. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि विजेच्या तारांपासून वेगळ्या नळीतून न्यावी लागते. तासगाव, मिरज भागातील मळ्यांतल्या वस्त्यांवर घरापासून दूर असलेल्या शेडपर्यंत अंतर याहून अधिक असल्यास फायबर वापरणे इष्ट. वीज गेल्यावर जोडणी टिकवायची असल्यास राउटर आणि फायबरचे यंत्र दोन्हींना बॅटरीचा आधार हवा. एकालाच दिल्यास उपयोग होत नाही. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीत अनेक घरांचे तळमजले बुडाले होते. नदीकाठी ही यंत्रे माडीवर ठेवून खाली केबलने जोडलेला ॲक्सेस पॉइंट देता येतो.

वापराचे नियंत्रण

व्याप्ती वाढली की मुलांच्या खोलीतही इंटरनेट अखंड पोहोचते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरदर्शन बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. अनेक राउटरमध्ये ठराविक वेळी ठराविक उपकरणांची जोडणी थांबवण्याची सोय असते. मोबाइलमधील सिमकार्डाच्या इंटरनेटवर मात्र तिचा परिणाम होत नाही.