नांगर, ट्रॅक्टर आणि एक साखळी

इंडियानात आमच्या घरामागे मक्याची शेतं सुरू होतात. त्यातलं पहिलं शेत एका आजोबांचं. वय ऐंशीच्या पुढे, पण हातात पाना नसला तर अस्वस्थ होणारा माणूस. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "तुझी डॉक्टरेट हायड्रॉलिक्समध्ये ना? मग ये जरा इकडे." (परदेशातल्या पीएचडीचा सर्वात जास्त उपयोग शेजाऱ्यांना होतो, हे इच्छुकांनी लक्षात ठेवावं.)

शेडमध्ये दोन वस्तू होत्या. एक सत्तरी ओलांडलेला फोर्ड ८-एन ट्रॅक्टर आणि दुसरा त्यांच्या वडिलांनी घेतलेला दोन फाळांचा नांगर. अडचण अशी की नांगर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या फार्मॉल ट्रॅक्टरसाठी बनवलेला. तो फार्मॉल कधीच भंगारात गेला, नांगर उरला.

ट्रॅक्टरच्या मागे तुम्ही पाहिलं असेल, खाली दोन बाजूंना दोन हात असतात आणि वर मधोमध एक दांडा, आटे फिरवून लांबी कमीजास्त करता येणारा. हेच ते थ्री-पॉइंट लिंकेज. वरच्या दांड्याला टॉप लिंक म्हणतात. आजोबांनी नांगराला खाली दोन पिना वेल्ड केल्या होत्या, मधे एक पट्टी उभी केली होती, आणि टॉप लिंक सापडली नाही म्हणून तिच्या जागी जाड साखळी लावली होती. लिफ्ट वर केली. नांगर साखळीला लटकून झकास उचलला गेला. मी मान डोलावली.

शेतात जेमतेम पंधरा फूट गेलो असू. फाळ मातीत शिरले आणि नांगराने शेपटी वर करून नाकावर उभं राहायला सुरुवात केली. साखळी सैल पडली. फाळ आणखी खोल गेले, इंजिन गुरगुरलं आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर हवेत उचलली गेली. आजोबांचा पाय वेळेवर क्लचवर गेला म्हणून पुढचं सगळं लिहिता येतंय. मी बाजूलाच उभा होतो. साखळी बघून मला काहीही खटकलं नव्हतं, याची लाज अजून वाटते.

कारण गोष्ट साधी आहे. नांगर हवेत असतो तेव्हा टॉप लिंक त्याला मागून ओढून धरते. पण नांगर मातीत गेला की बाजू उलटते. माती फाळाला मागे रेटते, नांगर खालच्या दोन पिनांभोवती फिरू पाहतो, आणि त्याचं वरचं टोक पुढे येऊन टॉप लिंकला ढकलतं. दांडा हा रेटा ट्रॅक्टरला देतो. साखळी ओढते, ढकलत नाही. बसलेल्या ट्रॅक्टरकडे बघून हे कधीच कळणार नाही.

हे ज्याने ओळखलं त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, बेलफास्टला गाड्यांचं गॅरेज, आणि त्याआधी, १९०९ च्या शेवटच्या दिवशी, स्वतः बांधलेलं विमान आयर्लंडमध्ये उडवणारा पहिला माणूस. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई झाली तेव्हा, १९१७ साली, सरकारने त्याला आयर्लंडभर ट्रॅक्टर तपासत फिरायला लावलं. त्याने जे पाहिलं ते असं: पुढे एक यंत्र, मागे स्वतःच्या चाकांवर चालणारं दुसरं अवजड यंत्र आणि दोघांना जोडणारी एक कडी. म्हणजे बैल काढून तिथे इंजिन लावलं, बाकी सगळं तेच. बैलांच्या नांगराला निदान रुमण्यावर हात ठेवून खोली सांभाळणारा माणूस तरी होता!

त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन बाजारात आला. स्वस्त आणि हलका. नांगर मुळात किंवा दगडात अडकला की मागची चाकं फिरायची थांबत, पण इंजिन थांबत नसे. मग ट्रॅक्टरच स्वतःच्या आसाभोवती फिरून पुढून उठे आणि चालकाच्या अंगावर उलटे. कितीतरी माणसं अशी गेली. फर्ग्युसन आणि त्याचा मिस्त्री विली सँड्स (याचं नाव लोक घेत नाहीत, घ्यायला हवं) यांनी चाकं नसलेला, ट्रॅक्टरलाच धरून राहणारा नांगर बनवला. अडथळा आला की नांगराचा रेटा वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरचं नाक खाली दाबणार. ज्या शक्तीने माणूस मरायचा तीच त्याला वाचवायला लावली. पुढची पायरी हायड्रॉलिकची. टॉप लिंकवरचा रेटा वाढला की व्हॉल्व्ह सरकतो आणि नांगर किंचित वर येतो, त्याचं वजन मागच्या चाकांवर जातं. मी ज्या व्हॉल्व्हवर साडेचार वर्षं घालवली त्याचे हे पणजोबा.

गंमत म्हणजे आजोबांसारखी वेळ फर्ग्युसनवरही आली होती. १९२५ साली त्याने शर्मन बंधूंबरोबर आमच्याच इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला फोर्डसनसाठी नांगर बनवायला सुरुवात केली. १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेतला फोर्डसन बंद केला. नांगर तयार, पण जोडायचा कशाला? दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर विसंबायचं नाही हे तो तिथे शिकला, आणि तरी १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार करून बसला. कागद नाही, सही नाही. १९३९ ला फोर्ड ९-एन आला, थ्री-पॉइंट लिंकेजसह, आणि धो धो खपला. पुढे फोर्डच्या नातवाने करार मोडला आणि तेच लिंकेज लावून ८-एन काढला. फर्ग्युसन १९४८ मध्ये कोर्टात गेला, १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. आजोबांचा ट्रॅक्टर याच भांडणातला.

आणि नांगर दुसऱ्या भांडणातला. पेटंट फर्ग्युसनकडे, म्हणून बाकीच्या कंपन्यांनी आपापली जोडणी काढली. इंटरनॅशनलचं फास्ट-हिच: ट्रॅक्टरला दोन खोबणी, नांगराला दोन सुळे, ट्रॅक्टर मागे घेतला की खटकन बसणार. अ‍ॅलिस-चामर्सचं स्नॅप-कपलर वेगळंच. दोन्ही कल्पना चांगल्या होत्या (फास्ट-हिचला नांगर जोडायला ट्रॅक्टरवरून उतरावं लागत नसे), पण एका कंपनीचा नांगर घेतला की शेतकरी त्याच कंपनीला बांधला गेला. मोबाइलच्या चार्जरवरून आपण चिडतो, इथे तर दोनशे किलो लोखंड होतं. पुढे पेटंट संपली, मापं प्रमाण झाली, आणि १९६० च्या दशकात खुद्द इंटरनॅशनलसुद्धा तीन पिनांवर आलं. १९६३ साली महिंद्रने याच कंपनीच्या भागीदारीत मुंबईत जे ट्रॅक्टर काढायचं ठरवलं, त्या बी-२७५ ला मागे थ्री-पॉइंटच होतं.

असो. आम्ही पुढच्या शनिवारी नांगर उलटा टाकला आणि फास्ट-हिचचे सुळे कापले. कापताना आजोबा काही बोलले नाहीत, कापलेले तुकडे मात्र त्यांनी पुसून फळीवर ठेवले. खाली पाऊण इंचापेक्षा थोड्या जाड, म्हणजे २२ मिलिमीटरच्या दोन पिना, एकमेकींपासून ६८३ मिलिमीटरवर. त्यांच्या वर अठरा इंचांवर १९ मिलिमीटरचं भोक, आणि त्या उभ्या पट्टीला मागून तिरका आधार, कारण आता तिच्यावर ओढही येणार आणि रेटाही. टॉप लिंक नवी आणली. खरा वेळ गेला तो नांगर बाजूला सरकवण्यात. उजवं चाक आधीच्या तासात चालतं, त्याच्या आतल्या कडेला पहिला फाळ नेमका बसला पाहिजे, आणि फार्मॉलची चाकं वेगळ्या अंतरावर होती. तीनदा वेल्ड तोडला.

चौथ्या खेपेला आजोबांनी मला बसायला सांगितलं. फाळ उतरले, टॉप लिंकच्या बुडाची स्प्रिंग दबलेली दिसली, आणि पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली. मागे वळून पाहिलं तर काळी माती एका बाजूला ओळीत पडत होती आणि आजोबा तासातून चालत, वाकून वाकून खोली मोजत येत होते. सात इंच.