यादीतील एक नाव

फ्रेड उलमन हा 1901 साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे जन्मलेला ज्यू वकील. हिटलर सत्तेवर येताच 1933 साली त्याने देश सोडला आणि पुढे इंग्लंडमध्ये चित्रकार म्हणून तो स्थिरावला. मागे राहिलेले आईवडील नाझींच्या छळाला बळी पडले. सत्तरीला टेकलेल्या या गृहस्थाने 1971 साली ‘रियुनियन’ ही छोटेखानी इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली.

कथा 1932 ची. डॉक्टरचा मुलगा हान्स आणि वर्गात नव्याने आलेला कोन्राडिन यांची जुनी नाणी, कविता, डोंगरांतील भटकंती यांतून मैत्री जुळते. कोन्राडिन मोठ्या सरदार घराण्यातला. अशा घराण्याचा दबदबा ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांना समजावून सांगायला नको. पण तो हान्सला आपल्या घरी नेतो ते आईवडील नसतानाच, आणि नाट्यगृहात त्यांच्यासमवेत असताना ओळखही देत नाही. आईला ज्यूंचा तिटकारा. पुढे हान्सची अमेरिकेस रवानगी होते, त्याचे आईवडील स्वतःचे जीवन संपवितात, आणि निरोपाच्या पत्रात कोन्राडिन हिटलरवरील श्रद्धा व्यक्त करतो. हान्स यशस्वी वकील होतो. मात्र जर्मन पुस्तकाला हात लावीत नाही.

शेवट सांगितल्यावाचून आमचा मुद्दा मांडता येत नाही. अनेक वर्षांनी जुन्या शाळेकडून युद्धात मृत्यू पावलेल्या विद्यार्थ्यांची यादी येते. एक अक्षर टाळून हान्स ती वाचतो. अखेर ते पान उघडतो, तेव्हा कळते की हिटलरच्या हत्येच्या कटात सामील म्हणून कोन्राडिनला देहदंड झाला.

हे कल्पित असले तरी पोकळ नव्हे. 20 जुलै 1944 रोजी हिटलरजवळ बॉम्ब ठेवणारा क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग हा उलमनच्याच शाळेचा विद्यार्थी. त्यालाही आरंभी नाझींच्या राष्ट्रवादाचे आकर्षण होतेच. 1933 चा माणूस 1944 साली तोच राहिला असेल असे इतिहास मानत नाही; दुखावलेले मन मात्र मित्राला शेवटच्या भेटीतच उभे करून ठेवते.

त्या संहाराशी आमच्या सीमाभागातील तंट्याची तुलना करणे अनुचित होय. तरीही 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर आमचा आणि एका कन्नडभाषक बालमित्राचा संवाद खुंटला, तो खुंटलाच. बेळगावच्या एकाच गल्लीत वाढलेलो आम्ही. पुढे दोघेही कर्नाटक सरकारच्या सेवेत, आणि कचेरीत समोरासमोर आलो तरी कामापुरते बोलणारे. निवृत्तीनंतर ही कादंबरी हाती आली. ते अखेरचे पान वाचल्यावर आम्हांस प्रथमच असा प्रश्न पडला की, मधल्या वर्षांत तो कसा जगला असेल?

पत्ता मिळवून पत्र धाडले. चार पानी उत्तर आले, तेही मराठीत. आंदोलनाचा त्यात उल्लेख नव्हता. आमच्या मातोश्रींच्या हातच्या धपाट्यांचा होता, आणि गणिताच्या वहीत मागे काढलेल्या बैलगाडीचाही.