सुरजागड लोहखाण
सुरजागड : गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील लोहखनिजसमृद्ध डोंगर आणि माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचे स्थान. (पहा : माडिया गोंड).

२००७ मध्ये येथील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरील वाहने जाळली. पुढे खंडित झालेले काम २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. (पहा : कोनसरी पोलाद प्रकल्प).

खाणीच्या बाजूने रोजगार, रस्ते आणि जिल्ह्यातच पोलादनिर्मिती हे मुद्दे मांडले जातात. सुरजागड इलाक्यातील विरोधी ग्रामसभांचा हिशेब वेगळा आहे : बांबू, तेंदूपाने, मोहफुले, नाले आणि देवाची जागा. जंगल दरवर्षी देते, खनिज एकदाच निघते. ‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ इथेच दुभंगतो. जानेवारीतील ठाकुरदेवाच्या यात्रेत पूजेबरोबर हा प्रश्नही चर्चिला जातो. नुकसानभरपाईच्या भाषेत देवस्थानाला नेमके मोल नाही, ही वादातील सर्वांत अवघड बाब. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) हे ग्रामसभांचे मुख्य कायदेशीर आधार होत. (पहा : मेंढा-लेखा).

असे वाद इतरत्रही झाले आहेत. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. तेथील बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. स्वीडनमध्ये गालोक येथील लोहखाणीला सामी रेनडिअरपालकांचा विरोध असतानाही २०२२ मध्ये सरकारने खाणपट्टा दिला. (पहा : सामी).