फोर कोर्ट्‌सचे दप्तर आणि आपत्तीची पूर्वतयारी

न्यायालयाचे संरक्षण म्हणजे भक्कम भिंती व दारावरचा पहारा, ही समजूत किती अपुरी आहे हे डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सच्या इतिहासावरून दिसते. १८६७ च्या कायद्यान्वये या न्यायालयाच्या आवारात आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार स्थापन झाले. आग पसरू नये म्हणून कागदपत्रांची कोठी व कचेरीची इमारत यांत अंतर राखलेले होते. योजना दूरदर्शी खरी. परंतु तिच्यापुढे केवळ अपघाती आगच होती.

१९२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधकांनी हे आवार ताब्यात घेऊन तेथे दारूगोळा साठविला. २८ जूनला तोफांचा मारा सुरू झाला आणि ३० जूनच्या स्फोटात व आगीत कोठी भस्मसात झाली. तेराव्या शतकापासूनचे अभिलेख व १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक मूळ कागद नष्ट झाले. कचेरीची इमारत व तीत त्या वेळी असलेले थोडे दप्तर तेवढे वाचले.

याहून मोलाची ठरली ती हर्बर्ट वुड या अभिलेखाधिकाऱ्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेली अभिलेखांची मार्गदर्शिका. काय गेले हे तिच्यावरून कळले. म्हणूनच अन्यत्रच्या प्रती शोधून २०२२ मध्ये त्या कोठीची संगणकीय पुनर्रचना अभ्यासकांस खुली करता आली.

न्यायालयीन सेवकांच्या प्रशिक्षणात पहारा व अग्निशमन यांना स्थान हवेच. परंतु सूची अद्ययावत राखणे व महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती अन्यत्र ठेवणे, हीही संरक्षणाचीच कामे होत. तोफेपुढे लेखनिक हतबल असतो. नाशानंतर काय उरावे, हे मात्र बव्हंशी त्याच्या नित्याच्या कामावर ठरते.