हिवाळी टायर : निवड, जोडणी आणि कॅनडातील नियम

कॅनडात नव्याने स्थायिक होणारे मराठी कुटुंब पहिली मोटार घेते तेव्हा तिच्यासोबत येणारे टायर बहुधा 'ऑल-सीझन' असतात. नावावर विश्वास ठेवला तर ते बाराही महिने चालावेत. प्रत्यक्षात टोरोंटो, ओटावा किंवा कॅलगरीच्या हिवाळ्यात हे नाव फसवे ठरते. गाडी सुरू होते, वेगही घेते, पण लाल दिव्यापाशी ती थांबेलच याची खात्री उरत नाही.

याचे मूळ रबरात आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या खडबडीतपणात रुतण्याची त्याची क्षमता घटते. ऑल-सीझन टायरचे रबर मधल्या प्रकृतीचे असते. कडाक्याच्या थंडीत तेही ताठरते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचा आणि थंडीत लवचीक राहणाऱ्या घटकांचा भर असतो, त्यामुळे उणे २० अंशांतही ते मऊ राहते. ज्या पहाटेच्या तापमानाची पुण्यात बातमी होते, त्याच तापमानाला इथे टायर बदलण्याची वेळ झालेली असते. रस्त्यावर बर्फ दिसण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. शिवाय पहिला बर्फ पडला की गॅरेजची वेळ मिळण्यास दोन-तीन आठवडे सहज लागतात.

दुसरा भाग नक्षीचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात टायरची नक्षी पाणी बाहेर फेकते म्हणून उपयोगी पडते. बर्फात तिचे काम काहीसे उलट असते. खोल खाचांत बर्फ दाबून भरला जातो आणि त्या बर्फाची जमिनीवरच्या बर्फाशी पकड बसते. ठोकळ्यांवर असलेल्या असंख्य बारीक चिरा निसरड्या पृष्ठभागाला कडा पुरवतात. सर्वांत घातक असतो तो शून्य अंशाच्या आसपासचा पारदर्शक बर्फ, ज्याला इथे 'ब्लॅक आइस' म्हणतात. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असल्याने तो कडक थंडीतल्या बर्फापेक्षाही अधिक घसरडा असतो. नोव्हेंबर आणि मार्च हे महिने म्हणूनच फसवे.

टायर विकत घेताना बाजूच्या भिंतीवर दोन खुणा शोधाव्यात. 'एम+एस' ही अक्षरे चिखल आणि बर्फ सुचवतात, पण ती केवळ नक्षीच्या रचनेवरून दिली जातात. त्यामागे बर्फावरील कोणतीही चाचणी असावीच लागत नाही. अनेक ऑल-सीझन टायरांवरही ती आढळतात. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यातील हिमकण. १९९९ पासून प्रचलित असलेले हे चिन्ह मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर ठरावीक पातळीची पकड सिद्ध करावी लागते. मात्र या चाचणीत प्रामुख्याने पुढे ओढण्याची क्षमता मोजली जाते. टणक बर्फावर थांबण्याची वा वळण्याची नव्हे. म्हणजे हे चिन्ह किमान पात्रतेचे आहे, गुणवत्ता यादीचे नव्हे. अलीकडे हेच चिन्ह मिरवणारे 'ऑल-वेदर' टायरही मिळतात. व्हँकुव्हरसारख्या सौम्य हवेत, वर्षभर एकच संच ठेवायचा असेल तर ते ऑल-सीझनपेक्षा निश्चितच बरे. विनिपेग किंवा एडमंटनमध्ये राहणाऱ्याने मात्र खास हिवाळी टायरच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा प्रांताप्रांतात वेगळा आहे. क्यूबेकमध्ये नोंदणी असलेल्या प्रवासी वाहनांना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हिमशिखराचे चिन्ह आवश्यक आहे आणि दंड २०० ते ३०० डॉलर. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक डोंगरी आणि ग्रामीण महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो, तो घाटांच्या रस्त्यांवर ३० एप्रिलपर्यंत राहतो. तिथे एम+एसही चालते, पण नक्षीची खोली किमान ३.५ मिलिमीटर हवी. व्हँकुव्हरहून व्हिस्लरला सहलीला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ऑन्टारियोत सक्ती नाही. मात्र १ जानेवारी २०१६ पासून तेथील विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्यास हप्त्यात सवलत देणे बंधनकारक आहे. ही सवलत आपणहून मिळतेच असे नाही; विमा एजंटला कळवून ती मागावी लागते, आणि पावती जपून ठेवावी लागते. खिळ्यांचे टायर उत्तर ऑन्टारियोत चालतात, टोरोंटो परिसरातील रहिवाशांना नाही.

मापाची अक्षरे गूढ वाटली तरी सोपी आहेत. '२०५/५५ आर १६ ९१ एच' म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, १६ इंची रिम, प्रत्येक टायरवर ६१५ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. हिवाळ्यासाठी अनेकजण एक इंच लहान रिम आणि किंचित अरुंद टायर घेतात, उदाहरणार्थ वरील मापाऐवजी १९५/६५ आर १५. एकूण व्यास जवळपास तोच राहतो, अरुंद टायर मऊ बर्फ अधिक चांगला कापतो आणि खर्चही कमी येतो. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे दुकानदाराकडून आधी खात्री करून घ्यावे. भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही. विद्युत मोटारी जड असल्याने त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

टायरचे वय 'डॉट' क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत असते. '३८२३' म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. जुने टायर विकत घेणाऱ्यांनी हे अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नव्या हिवाळी टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते. ती ४ मिलिमीटरपर्यंत झिजली की बर्फातला उपयोग संपत आला असे समजावे, मग कायद्याची मर्यादा काहीही असो.

दोनच टायर घेऊन पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. पुढच्या चाकांवर गाडी ओढली जाते, तेव्हा पुढे दोन लावले की झाले, असा हा हिशेब. पण मग पुढची चाके रस्ता धरतात आणि मागची सुटतात. वळणावर किंवा ब्रेक दाबताच गाडीची शेपटी फिरते, आणि हायवेवर ती सावरणे सराईत चालकालाही जमत नाही. चारही चाकांना सारखे टायर हवेत. तीच गोष्ट ऑल-व्हील-ड्राइव्हची. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी सुटायला मदत होते. थांबायला ब्रेक सर्वच मोटारींना चार चाकांवरच असतात, आणि तिथे निर्णय टायर करतो. मोठी एसयूव्ही घेतली म्हणून निश्चिंत झालेले चालक रस्त्याकडेच्या चरात का दिसतात, याचे उत्तर यात आहे.

हिवाळी संच स्वतंत्र रिमवर बसवून घेतला तर दरवर्षी टायर रिमवरून काढण्या-घालण्याचा खर्च व त्यातील झीज टळते, आणि चाके घरच्या घरीही बदलता येतात. ते करायचे तर गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, विरुद्ध बाजूच्या चाकाला अडसर लावावा आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, नाहीतर चाक तिरके बसते. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने हवा. नटांचे बूडही पाहावे : होंडाच्या मूळ रिमना गोलसर बुडाचे नट लागतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे, अदलाबदल झाली तर नट सैल होऊ शकतो. नट एकाआड एक, चांदणीच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने, मोटारीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे द्यावा. सुमारे ८० ते १६० किलोमीटर चालवल्यावर तो पुन्हा तपासावा. गॅरेजमध्ये बदलून घेतले तरी ही फेरतपासणी चुकवू नये.

हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार, गाडी थंड असताना भरावा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. सप्टेंबरातील २० अंशांना भरलेला टायर उणे १५ अंशांत जवळपास ६ पीएसआय गमावून बसतो. हिवाळी रिममध्ये दाबाचे सेन्सर बसवले नसतील तर इशाऱ्याचा दिवा मोसमभर जळत राहतो आणि खरी गळती कळत नाही. अशा वेळी महिन्यातून एकदा हाताने मोजणे भाग आहे.

एप्रिलमध्ये पारा सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागला की हे टायर उतरवावेत; गरम डांबरावर मऊ रबर झपाट्याने झिजते. काढताना प्रत्येकावर खडूने जागा लिहावी (पुढचा डावा, मागचा उजवा), म्हणजे पुढच्या वर्षी पुढचे मागे करता येतात. धुऊन, वाळवून, पिशवीत बांधून ते थंड व अंधाऱ्या जागी ठेवावेत. रिमसह असतील तर एकावर एक रचावेत किंवा टांगावेत, रिमविना असतील तर उभे ठेवावेत. तळघरातील फर्नेसजवळ ते ठेवू नयेत, कारण विजेच्या मोटारीतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.