संदर्भसूचीत संकेतस्थळाची नोंद : एक छोटा इतिहास

प्रकल्प-अहवालाच्या शेवटी नुसता वेबपत्ता चिकटवला की संदर्भ दिला, असे अनेकांना वाटते. तो अपुरा का ठरतो, हे अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासातून समजून घेऊ.

आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ नाराज झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीचे काम हाती घेतले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्या आधारे 'लाटेक' तयार केले. १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्यासह 'बिबटेक' घडवले. लेखक, शीर्षक, वर्ष हे तपशील आपण एका फाइलीत वेगवेगळ्या रकान्यांत भरायचे. संदर्भसूचीची मांडणी बिबटेक करते.

आता वर्षांचा क्रम पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला प्रस्ताव मांडला १९८९ मध्ये. म्हणजे बिबटेकचे रकाने ठरले तेव्हा वेबच नव्हते! म्हणूनच त्याच्या मूळ शैलींत 'यूआरएल' रकाना भरला, तरी चुकीची सूचना न देता तो गाळला जातो. वापरकर्ते मग वेबपत्ता 'टीप' म्हणून घालू लागले.

पुढे फिलिप लेमन यांच्या 'बिबलाटेक'मध्ये 'ऑनलाइन' हा स्वतंत्र नोंदप्रकार आला. वेबपत्त्यासाठी 'यूआरएल' आणि पान पाहिल्याच्या दिनांकासाठी 'यूआरएलडेट' असे रकानेही मिळाले.

हा दिनांक कशासाठी? छापील आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर बदलत नाही. वेबपान मात्र त्याच पत्त्यावर बदलू शकते किंवा नाहीसे होऊ शकते. याहूने २००९ मध्ये जपान वगळता 'जिओसिटीज' बंद केली, तेव्हा तेथील असंख्य पानांचे पत्ते निरुपयोगी झाले. इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही गंभीर बाब आहे. पुरावा तपासता आला नाही, तर विधानाचा आधारच जातो.

म्हणून लेखक किंवा संस्था, शीर्षक, प्रकाशनवर्ष, पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक यांची नोंद पान वाचतानाच करा. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ २०२४-०७-१५ असा, पण फाइलीत इंग्रजी अंकांत भरा. डीओआय क्रमांक असल्यास तोही द्या. पानाचा पत्ता बदलला तरी, प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली असेल, तर तो क्रमांक नव्या जागी नेतो. पान टिकेल याची खात्री नसेल, तर 'इंटरनेट अर्काइव्ह'मध्ये त्याची प्रत जतन करून तिचा पत्ता जोडा.

सॉफ्टवेअर नोंद नीटनेटकी मांडेल. तुम्ही न टिपलेला दिनांक मात्र ते शोधून देणार नाही.