पाचामुखी परमेश्वर आणि विमानाचा पंख

कम्प्युटरवर काढलेलं विमानाचं रंगीत चित्र तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. पंखावर लाल, पिवळे, निळे पट्टे. हवेचा दाब कुठे किती ते दाखवणारे. चित्र इतकं देखणं असतं की त्यामागचा आकडा बरोबर आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. २००१ साली काही इंजिनिअरांनी तो प्रश्न चारचौघांत विचारला. विमानांच्या इतिहासात पहिल्या उड्डाणांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला ही सांगावीशी वाटते.

आधी अडचण समजून घेऊ. हवा कशी वाहते याची समीकरणं जुनी आहेत; नाविए (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांची. पण अख्ख्या विमानाभोवतीचा भोवरा न् भोवरा मोजणं आजच्या कम्प्युटरलाही परवडत नाही. म्हणून भोवतालच्या हवेचे लाखो कप्पे पाडतात. ही झाली जाळी. आणि हवेतल्या खळबळीचा परिणाम अंदाजाने धरणारी सूत्रं वापरतात. जाळी कशी विणली, सूत्र कुठलं निवडलं, यावर उत्तर हलतं.

किती हललेलं चालेल? हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, ‘काउंट’मध्ये मोजतात. १ काउंट म्हणजे ड्रॅगच्या गुणांकातला ०.०००१. मोठ्या प्रवासी विमानाचा ड्रॅग साधारण अडीचशे-तीनशे काउंट भरतो. त्यातला एकेक काउंट वाचवायला कंपन्या झटतात, कारण जास्तीचा काउंट विमान उडतंय तोवर इंधन पीत राहतो.

जून २००१मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनहाइमला पहिली ‘ड्रॅग प्रेडिक्शन वर्कशॉप’ भरली. सगळ्यांना एकच गणित दिलं: डीएलआर-एफ४ नावाचं, पंख आणि धड एवढंच असलेलं मॉडेल. युरोपातल्या तीन विंड टनेलमध्ये ते आधीच तपासलेलं होतं. आयोजकांनी जाळ्याही पुरवल्या होत्या. तरी उत्तरांमध्ये कित्येक काउंटांची तफावत निघाली. नामांकित संस्थांचे, अनुभवी लोकांचे हे आकडे होते. ते एकमेकांशेजारी मांडून सगळ्यांसमोर ठेवले गेले, याचं मला फार अप्रूप वाटतं. एरवी कुठलीही संस्था आपलं सगळ्यात चांगलं जुळलेलं उत्तरच छापते.

पुढच्या कार्यशाळांनी एकेक गाठ सोडवायला घेतली. २००३मध्ये एफ६ या मॉडेलवर पंख आणि धड जुळतात त्या कोपऱ्यात प्रवाह पृष्ठभाग सोडत होता, आणि तो किती सुटतो यावर एकमत होईना. २००६मध्ये त्या कोपऱ्याला वेगळा गोलाकार देऊन तुलना केली. २०१२मध्ये तर सगळ्या प्रकारच्या जाळ्या एकाच मूळ जाळीतून काढून दिल्या. नेहमीच्या क्रूझ स्थितीत आकडे जवळ येत गेले.

पण पाचामुखी परमेश्वर म्हणायची घाई नको. सगळे एकच सूत्र वापरत असतील तर सगळे मिळून एकसारखे चुकू शकतात. यावर २००९ची चौथी कार्यशाळा मला सर्वांत धाडसी वाटते. त्यासाठी ‘कॉमन रिसर्च मॉडेल’ हे नवं विमान आखलं गेलं आणि विंड टनेलची चाचणी होण्याआधीच सगळ्यांनी उत्तरं दिली. उत्तरपत्रिका आधी, उत्तरसूची नंतर.

नासाच्या विंड टनेलमधले आकडे २०१०मध्ये हाती आले. विमानाचं नाक वर-खाली वळवणारा जोर गणिताशी जुळेना. शोध घेताना दोन गोष्टी ठळक झाल्या. मॉडेल ज्या दांड्यावर बसवलं होतं तो दांडा गणितात नव्हता, आणि हवेच्या भाराखाली पंख जितका पिळवटला तितका गणितात पिळवटला नव्हता. दोघांनी तपासलं होतं ते विमानच नेमकं एक नव्हतं! म्हणून २०१६च्या कार्यशाळेत मोजलेला पीळ गणितात घेतला गेला. विंड टनेलचा आकडा म्हणजे अंतिम निकाल, ही समजूतही अशी तपासली गेली.

सातवी कार्यशाळा २०२२मध्ये झाली. विमानाचं नाक जास्त वर उचललं की पंखावरचा प्रवाह सुटू लागतो, आणि तिथे उत्तरं अजूनही फाकतात. विमान कुठवर सुरक्षित आहे हे ठरतं तेही त्याच सीमेवर. तिथला एकच देखणा आकडा कुणी दाखवला, तर बाकीच्यांचे आकडे किती आले, हे मी आधी विचारेन.